एकेका फ्रेमनं उठलेला राक्षस

परतवाडा सोडून चिखलदऱ्याचा घाट लागला, की गाडीतलं कोणी ना कोणी कीचकाची गोष्ट काढतंच. विराट राजाची नगरी म्हणजे वरचं वैराट. सैरंध्री होऊन राहिलेल्या द्रौपदीवर कीचकानं वाईट नजर टाकली, भीमानं त्याला रात्री गाठून चेचला, दरीत लोटून दिला आणि रक्ताचे हात भीमकुंडात धुतले. महाभारतातलं विराटनगर राजस्थानात दाखवणारे अभ्यासक आहेत. अचलपूर, परतवाडा, चांदूर बाजार या भागात मात्र पिढ्यान्‌पिढ्या कीचकाची दरी हीच आहे, आणि भीमकुंडापाशी उभं राहून खाली पाहिलं की ती गोष्ट खरी वाटायला फार जोर लावावा लागत नाही.

हाच कीचक 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात पडद्यावर मेला. चित्रपट होता ‘सैरंध्री’, करणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. भीम झाले होते बाळासाहेब यादव, कीचक झुंझारराव पवार. या कथेला तेव्हा वेगळीच धार होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 साली ‘कीचकवध’ नाटक लिहिलं, प्रेक्षकांनी त्यातल्या कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला आणि 1910 मध्ये सरकारनं त्या नाटकावर बंदी घातली. तीच कथा बाबूरावांनी पडद्यावर आणली आणि शेवटी कीचकाचं मुंडकं धडावेगळं झालेलं दाखवलं. ते इतकं हुबेहूब होतं, की थिएटरात बायका घेरी येऊन पडल्या असं सांगितलं जातं. पुढे सेन्सॉरनं तो भाग काढायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच काळात.

‘सैरंध्री’ची प्रत आज उरलेली नाही, त्यामुळे तो प्रसंग बाबूरावांनी नेमका कसा साधला हे पडद्यावर तपासता येत नाही. पण सिनेमात मुंडकं उडवायची त्या काळची रीत ठाऊक आहे. एडिसनच्या कंपनीनं 1895 साली स्कॉटलंडची राणी मेरी हिचा शिरच्छेद दाखवला, तेव्हा कुऱ्हाड उचलली जाईपर्यंत खरा नट होता. मग कॅमेरा थांबवला. बाकी सगळे जागच्या जागी थिजून उभे राहिले, नटाच्या जागी बाहुला ठेवला आणि कॅमेरा पुन्हा सुरू केला. पडद्यावर मधली थांबलेली वेळ दिसतच नाही. कुऱ्हाड पडते आणि डोकं घरंगळतं.

सिनेमातल्या सगळ्या राक्षसांचा, डायनोसॉरांचा आणि भुतांचा जन्म या थांबलेल्या क्षणात आहे. कॅमेरा एकदा थांबवला तर माणसाचा बाहुला होतो. प्रत्येक फ्रेमनंतर थांबवला, आणि दर वेळी बाहुला केसभर हलवला, तर बाहुल्याचा जीव होतो. याला स्टॉप-मोशन म्हणतात. आणि फ्रेमगणिक कॅमेरा थांबवायचं हे काम आपल्याकडे ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी झालं होतं.

धुंडिराज गोविंद फाळके 1 फेब्रुवारी 1912 रोजी लंडनला निघाले आणि 1 एप्रिलला परतले, ते विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्च्या फिल्मची व्यवस्था घेऊन. त्याआधी रात्रंदिवस चित्रपट पाहून त्यांचे डोळे गेल्यात जमा होते. डॉक्टर प्रभाकरांच्या उपचारानं दृष्टी परत आली होती. घरात पैसा नव्हता. सिनेमा इथं, आपल्या हातानं होऊ शकतो हे एखाद्या धनवंताला पटवायचं होतं. फाळक्यांनी एक कुंडी घेतली, तिच्यात वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोवला. महिन्याभराहून जास्त दिवस ते त्या कुंडीचं चित्रण करत राहिले. बी फुटतं, अंकुर वर येतो, त्याचा वेल होतो. सगळं मिळून मिनिटभराचं. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव. ते पाहून यशवंतराव नाडकर्णींसारखी माणसं पैसे द्यायला तयार झाली, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

या मिनिटाचा हिशोब मांडून पाहावा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 फ्रेम धरत. म्हणजे मिनिटाला 960. महिनाभरात त्या टिपायच्या तर दिवसाला तीसेक फ्रेम. कॅमेरा हातानं फिरवायचा, सलग नाही, एकेक फ्रेम सुटी. प्रत्येक वेळी उजेड सारखा हवा, कुंडी बोटभरही सरकता कामा नये, घरातल्या पोरांनी तिला धक्का लावता कामा नये. एक दिवस चुकला तर वेलाला पडद्यावर उचकी लागणार. हे ज्यानं केलं त्याला सिनेमाचं मर्म कळलेलं होतं. वेळ ही हातात धरून कमी-जास्त करता येणारी वस्तू आहे, हे ते मर्म. माझ्या मते मराठी सिनेमाची वंशावळ वाटाण्याच्या त्या कुंडीपासून मोजायला हवी. ‘राजा हरिश्चंद्र’चा मान अढळ आहे, पण पहिला चमत्कार कुंडीत झाला.

फाळके जादूगारही होते हे इथं विसरून चालणार नाही. ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं ते खेळ करत. फाळके हे नाव उलटं वाचलं की केळफा. फ्रान्सचे जॉर्ज मेलिएसही मूळचे जादूगारच. रंगमंचावर जे धुराच्या आणि आरशाच्या आडून करावं लागे ते कॅमेरा थांबवून लख्ख उजेडात करता येतं, हे सगळ्यांत आधी जादूगारांना उमगलं.

1915 साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. महायुद्ध सुरू होतं, परदेशी कच्ची फिल्म महाग आणि दुर्मिळ झाली होती, मोठे पौराणिक चित्रपट अडले होते. तेव्हा त्यांनी काडेपेटीतल्या काड्यांना नटवर्गात घेतलं. फ्रान्सच्या एमिल कोलनं 1908 साली काड्यांचाच एक चित्रपट केला होता, फाळक्यांपुढे तो नमुना होता असं मानलं जातं. काड्या टेबलावर मांडायच्या, एक फ्रेम घ्यायची, काडी थोडी सरकवायची, दुसरी फ्रेम घ्यायची. त्या आपणहून चालतात, जुळतात, आकृती करतात. कोलनं कल्पना दिली असेल, पण काड्या सरकवणारी बोटं नाशिकची होती. हीही फिल्म आज हाती नाही. आपल्याकडे मूकपट तेराशेच्या वर झाले आणि त्यांतले अगदी मोजके उरले. काड्यांची ती मौज गेलेल्यांत जमा आहे.

मग 1919 साली ‘कालिया मर्दन’ आला. फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी यात कृष्ण झाली. हा चित्रपट बराचसा उरला आहे, आणि तो पाहताना मला नेहमी दोन गोष्टी जाणवतात. एक, सुरुवातीलाच कॅमेऱ्यासमोर एकटी मंदाकिनी चेहऱ्यावरचे भाव बदलून दाखवते, म्हणजे फाळके प्रेक्षकाला आधीच सांगतात की ही मुलगी आहे, आता तिचा कृष्ण होताना बघा. दुसरी, कालिया हा बनवलेला प्रचंड नाग आहे, पण त्याच्यात जीव घालण्यासाठी फ्रेम-फ्रेमची वाट धरलेली दिसत नाही. नाग हलवला जातो, मुलगी त्याच्या फण्यावर चढते, नाचते. जीव येतो तो मुलीकडून. नाग तिला तोलून धरतो, एवढंच त्याचं काम.

इथं दोन वाटा फुटल्या. एक आपल्याकडे राहिली. दुसरी अमेरिकेत एका माणसानं चालवली, आणि राक्षसपटांची सगळी पुढची दुनिया त्या माणसाची ऋणी आहे.

विलिस ओब्रायन हा सॅन फ्रान्सिस्कोकडचा. त्यानं गुराख्याचं काम केलं, संगमरवर कोरला, वर्तमानपत्रात चित्रं काढली, मुष्टियुद्धही खेळला. असं सांगतात की तो नि त्याचा एक सोबती मातीचे छोटे मुष्टियोद्धे करून त्यांची गंमतीनं लढत लावत होते, आणि तेव्हाच त्याला सुचलं की ही लढत फ्रेम-फ्रेमनं टिपली तर मातीचे पैलवान खरोखर लढतील. 1915 मध्ये, म्हणजे नाशकात आगकाड्या नाचत होत्या त्याच साली, त्यानं डायनोसॉर आणि आदिमानवांचा एक छोटा विनोदी चित्रपट केला. 1925 साली आर्थर कॉनन डॉयलच्या कादंबरीवरून ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आला. तो पुरा व्हायच्या आधी, 1922 च्या जूनमध्ये, डॉयलनं त्यातले काही तुकडे न्यूयॉर्कमध्ये जादूगारांच्या मेळाव्यात दाखवले आणि ते काय आहे हे सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं लिहिलं की हे राक्षस खोटे असतील तर कारागिरी अव्वल आहे. हातचलाखी ज्यांचा धंदा, ते जादूगारही चक्रावले होते.

‘किंग काँग’ 2 मार्च 1933 रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. त्याला आज 90 वर्षांहून अधिक काळ लोटला. तो काँग प्रत्यक्षात केवढा होता? जंगलातल्या प्रसंगांसाठी साधारण 18 इंचांचा. वीतभराच्या दुप्पट. न्यूयॉर्कच्या प्रसंगांसाठी जरा मोठा, 24 इंचांचा. याखेरीज डोकं-खांदे, एक हात असे काही भाग खऱ्या आकाराचे बनवले होते. फे रे या नटीला मुठीत धरायला तो हात. पण जो काँग धावतो, भिडतो, एम्पायर स्टेट इमारतीवर चढतो तो हातभराचा.

हे बाहुले घडवणारा मार्सेल डेलगाडो मेक्सिकोत जन्मलेला. दिवसा किराणा दुकानात नोकरी करून तो रात्रीच्या कलावर्गाला जाई. तिथं ओब्रायनच्या नजरेत भरला. डेलगाडोनं बाहुल्याच्या आत धातूचा सांगाडा बसवला. प्रत्येक सांध्यात वाटीत बसणारी गोळी. खांदा, कोपर, मनगट, बोटाचं पेर असं सगळं वळवता येई आणि वळवलं तिथंच घट्ट राही. सांगाड्यावर कापूस आणि रबराचे स्नायू, त्यांवर कातडी, त्यावर सशाची फर. दिवसभराच्या कामानं सांधे सैल होत. मग कातडी सोलायची, स्क्रू आवळायचे, पुन्हा शिवायची. काही डायनोसॉरांच्या पोटात रबरी फुगा घालून हवा आत-बाहेर करत, तीही फ्रेमगणिक, म्हणजे मरताना त्याचा श्वास दिसावा.

बोलपट आल्यावर सेकंदाला 24 फ्रेम झाल्या. मिनिटाला 1440. ओब्रायन एक फ्रेम घेई, दिव्यांखाली वाकून काँगचा हात सुतभर पुढे नेई, खांदा तेवढाच वळवी, मान जराशी, भुवई जराशी. मागे होऊन दुसरी फ्रेम घेई. पाच मिनिटांपूर्वी कोणता हात किती हलवला होता हे डोक्यात ठेवायचं. समोर काही दिसत नाही, कसली हालचाल नाही. ती फिल्म धुऊन येईपर्यंत कळायचं नाही की राक्षस चालला की लंगडला.

फर हा त्यातला मोठा घोर होता. बाहुल्याला धरून हलवलं की बोटाखालचे केस दबत, सरकत. पडद्यावर काँगच्या अंगावरची फर सतत सळसळताना दिसते ती यामुळे. ओब्रायनला ही चूक वाटे. पडद्यावर पाहिलं तेव्हा स्टुडिओवाल्यांना वाटलं, जनावर संतापलंय, अंगावरचे केस ताठ झालेत. आजही डीव्हीडीवर तो प्रसंग थांबवून पाहिला तर त्या सळसळीत माणसाची बोटं दिसतात. कॉम्प्युटरवर केलेल्या कुठल्याही जनावरात असं काही दिसत नाही, आणि मला तरी त्याच सळसळीसाठी तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो.

आणखी एक गोष्ट त्या सेटवरची. काँगच्या जंगलात काचेवर रंगवलेली झाडं होती, तारेची नि कागदाची होती, आणि थोडी खरी रोपंही होती. एके दिवशी तास न्‌ तास काम चाललं. फिल्म धुऊन आली, पडद्यावर टाकली आणि सगळे थक्क झाले. राक्षसाच्या हालचाली ठीक होत्या, पण त्याच्या बाजूला एक फूल कळीपासून भराभर उमलत होतं. सेटवरच्या रोपाला दिव्यांच्या उबेत कळी आली होती आणि दिवसभर ती उमलत होती. बाहुल्याच्या नादात कोणाचंच तिच्याकडे लक्ष गेलं नाही. अख्ख्या दिवसाचं काम टाकून द्यावं लागलं.

हा किस्सा मी वाचला तेव्हा मला ती वाटाण्याची कुंडी आठवली. हॉलीवूडला जे फूल नको होतं, नेमकं तेच फाळक्यांनी वीसेक वर्षं आधी मुद्दाम, महिनाभर बसून टिपलं होतं. तंत्र तेच. एकेका फ्रेमनं वेळ आवळायची. एकाच्या हाती वनस्पतीचा श्वास आला, दुसऱ्याच्या हाती प्राण्याचा.

पण नुसत्या चिकाटीनं काँग आजवर टिकला नसता. ओब्रायननं बाहुल्याला अभिनय दिला, ही त्याची खरी कमाई. काँग आणि टायरॅनोसॉरस यांची झुंज पाहावी. त्यात कुस्तीचे डाव आहेत, मुष्टियुद्धाचे ठोसे आहेत. तरुणपणी ओब्रायन रिंगणात उतरला होता ते इथं कामी आलं. शेवटी काँग त्या जनावराचा जबडा फाडतो. ते मरून पडतं. इथं एखादा सामान्य कारागीर थांबला असता. काँग थांबत नाही. तो वाकतो, मेलेल्याचा जबडा बोटांनी उघड-झाप करून बघतो, खरंच मेला का म्हणून, आणि मगच छाती बडवतो. त्या दोन-तीन सेकंदांसाठी साठ-सत्तर फ्रेम लागल्या असतील. कथेला त्यांची गरज नव्हती. पण त्या क्षणी प्रेक्षकाला कळतं की हे जनावर विचार करतं.

आणि शेवटचा प्रसंग. विमानांतल्या मशीनगनच्या गोळ्या लागतात. काँग छातीला हात लावतो, बोटांवरचं रक्त पाहतो. आपल्याला काय होतंय हे त्याला समजत नाही, आणि प्रेक्षकाला समजतं. राक्षस मरताना लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अठरा-चोवीस इंचांच्या सशाच्या फरीसाठी.

आता प्रश्न असा, की इतकी लवकर सुरुवात होऊनही आपला काँग का झाला नाही? पैसा हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. ‘किंग काँग’ला साडेसहा लाख डॉलरांवर खर्च आला, फाळक्यांना बायकोचे दागिने गहाण टाकावे लागत. फिल्मची एकेक फूट पट्टी बाहेरून यायची. तरीही बाबूराव पेंटरांनी सहकारी दामले यांच्या साथीनं 1918 साली स्वतः कॅमेरा बनवला, म्हणजे धातूचं बारीक काम करणारे हात कोल्हापुरात होते. चिकाटीही कमी नव्हती.

मला वाटतं, आपल्याकडे राक्षस हा माणूस होता. दशावतारात संकासुर माणूस, लळितात रावण माणूस, गावच्या रामलीलेत कुंभकर्ण गल्लीतलाच धिप्पाड इसम. तोंडाला रंग, डोक्याला मुकुट, भसाडा आवाज, की झाला राक्षस. प्रेक्षकाला राक्षसाशी भिडणारा देव बघायचा असे आणि राक्षसानं लवकर मरायचं असे. अमेरिकेतल्या जीवाश्मांच्या संग्रहालयांनी तिथल्या लोकांच्या डोक्यात माणसाहून वेगळं, माणसाच्या आधीचं जनावर भरलं होतं. ते दाखवायला नट चालणारच नव्हता. आपल्याला नट चालत होता, म्हणून बाहुल्याची निकड पडली नाही. बहिरमच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहणाऱ्या माणसाला कीचकात झुंझारराव दिसले तरी त्याचा कीचक मोडत नसे.

ट्रिक मात्र बंद पडली नाही. प्रभातनं ‘संत तुकाराम’मध्ये गरुडासह विमान वर नेलं, ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालवली. 1934 साली त्यांनी ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा रेखाचित्रपटही केला, पण ते कागदावरचं काम. मुंबईत बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्यांनी वस्तू तरंगवल्या आणि ‘काला धागा’ हे टोपणनाव कमावलं. दोरा, आरसा, दुहेरी एक्स्पोजर, छोटी मॉडेलं हे सगळं आपल्याकडे बहरलं. फ्रेमची वाट मागे पडली.

तिकडे ती वाट एका पोरानं उचलली. रे हॅरीहाउसेन 13 वर्षांचा होता, लॉस एंजेलिसच्या थिएटरात त्यानं ‘किंग काँग’ पाहिला आणि घरच्या गॅरेजात बाहुले बनवायला बसला. आईच्या जुन्या फरकोटाचं अस्वल झालं. वडील सांध्यांचे धातूचे तुकडे लेथवर कातून देत. ओब्रायनला भेटायला गेला तेव्हा त्यानं पोराचे डायनोसॉर बघितले आणि पायांत स्नायू नाहीत, आधी शरीरशास्त्र शीक, असं सांगितलं. पोरगं शिकलं. 1949 च्या ‘मायटी जो यंग’मध्ये बहुतेक काम या शिष्याच्या हातचं होतं, आणि त्या चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. 1963 च्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये त्यानं सात सांगाडे तीन जिवंत माणसांशी तलवारीनं लढवले. पडद्यावर ती लढाई चार-पाच मिनिटांची. तिला साडेचार महिने लागले, कारण काही दिवशी जेमतेम 13 फ्रेम होत. अर्धा सेकंद. आणि हे सगळं तो जवळजवळ एकट्यानं करे.

1993 साली ‘जुरासिक पार्क’ आला. त्यातले डायनोसॉर फिल टिपेट स्टॉप-मोशननं करणार होते. मध्येच कॉम्प्युटरची चित्रं इतकी सरस निघाली की बाहुले रद्द झाले. पण कॉम्प्युटरवाल्या पोरांना जनावर वजन कसं पेलतं, वळताना आधी काय हलतं हे ठाऊक नव्हतं. ते टिपेटना ठाऊक होतं. म्हणून सांध्यांत सेन्सर बसवलेले धातूचे सांगाडे बनवले गेले. बाहुला हातानं हलवायचा, हालचाल कॉम्प्युटरमध्ये जायची. ओब्रायनची विद्या अशी नव्या यंत्रात उतरली. त्याच साली आपल्याकडे ‘झपाटलेला’ लागला. रामदास पाध्यांनी घडवलेल्या तात्या विंचूनं महाराष्ट्रातल्या एका पिढीची झोप उडवली. तो फ्रेम-फ्रेमनं हलत नव्हता, पाध्यांच्या कसबी हातांनी सरळ कॅमेऱ्यासमोर हलत होता. पण हातभर उंचीचा बाहुला भरल्या थिएटरला घाबरवू शकतो, हे मराठी प्रेक्षकानं स्वतः अनुभवलं. बाहुल्याचा राक्षस आपल्याला परका नाही.

स्टॉप-मोशन संपलं असंही कोणी समजू नये. 2023 साली गिलेर्मो देल तोरोच्या ‘पिनोकियो’नं सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर घेतलं, लाकडी पोराची ती गोष्ट बाहुले हातानं हलवूनच केली होती. प्रकाश खऱ्या वस्तूवर पडतो आणि खरी सावली टाकतो तेव्हा डोळा ते ओळखतो. नव्वद वर्षांत यंत्रं किती आली नि गेली, हे बदललं नाही.

म्हणून अचलपुरातल्या, परतवाड्यातल्या, मेळघाटच्या पायथ्याच्या शाळांतल्या शिक्षकांना माझं एक सांगणं आहे. फाळक्यांना कच्च्या फिल्मच्या फुटाफुटाची चिंता होती. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि स्टॉप-मोशनची ॲप फुकट मिळतात. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घ्या. मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवून पक्का बांधा, खिडकी बंद करून एकच दिवा ठेवा. बैल नखभर सरकवा, फोटो घ्या. पुन्हा सरकवा. सेकंदाला 12 फोटो पुरतात. पोरं आधी बैलाला फरफटत नेतील, मग त्यांना कळेल की निघताना तो सावकाश हलला पाहिजे, थांबताना सावकाश थांबला पाहिजे, मान आधी वळली पाहिजे. वजन, गती, अभिनय हे सगळं एका तासात हाताला कळतं. कीचक-भीमाची गोष्ट तर घरचीच आहे. मातीचे दोन पुतळे केले की झुंज लावता येईल.

दुसरं सांगणं मोठ्यांना. ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आणि पी. के. नायर यांच्या धडपडीमुळे. 1964 साली हे संग्रहालय झालं तोवर बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. जुनी नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते. पुण्यातच 2003 च्या जानेवारीत अशा फिल्मचा मोठा साठा आगीत गेला. वऱ्हाडात जुन्या टॉकीज बंद पडल्या, टुरिंगवाल्यांच्या पेट्या कुणाच्या वाड्यात, कुणाच्या गोदामात पडून आहेत. त्यांत गंजलेला फिल्मचा डबा सापडला तर तो उन्हात ठेवू नका, विडी-काडीजवळ नेऊ नका, पट्टी ओढून उलगडू नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.